रोमान्सची पुस्तकं: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते आणि २२ वर्षं रोमान्स वाचते आहे. सोसायटीतल्या बायका, ऑफिसातल्या मुली, वाचनालयात ओळख झालेली माणसं, पंचवटी एक्सप्रेसमध्ये शेजारी बसणाऱ्या ताई, सगळे मला तेच ते प्रश्न विचारतात. दरवेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढलं. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. रोमान्स म्हणजे प्रेमकथाच ना? मग वेगळं नाव कशाला?

प्रत्येक रोमान्स ही प्रेमकथा असते, पण प्रत्येक प्रेमकथा रोमान्स नसते. अटी दोनच. कथेचा कणा दोन माणसांचं प्रेम हाच हवा. तो काढून घेतला तर कथाच उरू नये. आणि शेवटी ती दोघं एकत्र हवीत, वाचणाऱ्याला उमेद वाटेल अशी. लग्नच व्हायला हवं असं नाही.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्या, १९३९ ची. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावरचा चक्रधर आणि जर्मनीतून जीव वाचवून निघालेली ज्यू हॅर्टा. मी ती चारदा वाचलीय आणि चारही वेळा रडलेय. मराठीतली इतकी सुंदर प्रेमकथा मला दुसरी सापडलेली नाही. पण तिला रोमान्स म्हणता येत नाही, कारण युद्ध आणि वंशद्वेष त्या दोघांना सोडत नाहीत. याउलट जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ मध्ये आली आणि दोन्ही अटी आजही चोख पाळते. मधल्या सीमेवरच्या पुस्तकांबद्दल प्रश्न १७ पाहा.

२. शेवट गोड होणार हे आधीच माहीत असतं, मग वाचायचं कशाला?

पंचवटीत रामकथेला बसलेल्यांना राम शेवटी अयोध्येला परत जातो हे नव्याने कळायचं नसतं. तरी सीताहरणाचा प्रसंग आला की मांडव चिडीचूप होतो. कीर्तन आणि पोथी ऐकत आलेल्या आपल्या लोकांना 'पुढे काय' यापेक्षा 'कसं' ऐकायची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे.

शेवट ठरलेला असला की लेखकाच्या हातातलं हुकमाचं पान आधीच काढून घेतलेलं असतं. उरतं एवढंच, की अशा स्वभावाची, अशा जखमा घेऊन फिरणारी ही दोन माणसं एकमेकांपर्यंत पोचणार कशी? ते पटवून देता आलं तर पुस्तक जमलं. मी पैसे मोजते ते या कसबाचे.

माझी पारख अशी आहे. जवळजवळ प्रत्येक रोमान्समध्ये पाऊण पुस्तक संपलं की दोघांचं तुटतं. मी त्याला 'तुटीचं प्रकरण' म्हणते आणि ते लागोपाठ दोनदा वाचते. तिने त्याला हॉटेलात कुणा बाईबरोबर पाहिलं, ती बाई त्याची बहीण निघाली आणि हे कळायला ८० पानं लागली, तर लेखकाने टंगळमंगळ केली. एका फोनवर मिटणारं भांडण होतं ते. पण तुटण्याचं कारण त्या दोघांच्या स्वभावातून आलं असेल, त्याचं बी पहिल्या ५० पानांत दिसत असेल, तर नंतरचं एकत्र येणं काळजाला भिडतं. आणि जो चुकला त्याने 'सॉरी' म्हणून भागत नाही. तो बदलला कसा, हे पानावर दिसावं लागतं.

३. महिन्याला किती पुस्तकं घेता? पैसे किती जातात?

महिन्याला १,००० रुपये ठरवलेत. हिशेबाची सवय असल्यामुळे वही ठेवलीय: तारीख, पुस्तक, किंमत, कुठून घेतलं, आणि शेवटचा रकाना 'परत वाचणार का'. मागच्या जून ते ऑगस्टमध्ये ११ पुस्तकं आली. ४ नवी, १,६४० रुपयांची; ५ जुनी, ६५० ची; २ किलोवारी प्रदर्शनातून, १९० ची. एकूण २,४८०. उरलेले ५२० दिवाळीच्या खरेदीत धरले.

एक लक्षात ठेवा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. मागच्या कव्हरवर छापलेली किंमत ही शेवटची किंमत, तिच्यावर कुणी कर लावू लागलं तर देऊ नका.

४. नाशिकमध्ये ही पुस्तकं कुठून मिळवता?

आधी वाचनालय, मग दुकान. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० पासूनचं आहे. जुन्या मराठी कादंबऱ्या मी तिथेच वाचल्या. विकत घ्यायच्या म्हटल्या तर त्यातल्या निम्म्या आता छापल्याच जात नाहीत. अनामत भरायची, वर्गणी भरायची, बस्स. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेची पेटी तुमच्या सोसायटीत किंवा ऑफिसात येत असेल तर तीही चाळून बघा. वर गंभीर पुस्तकं दिसली म्हणून पेटी बंद करू नका, खाली हात घाला.

नवी इंग्रजी पुस्तकं मी महात्मा गांधी रोड आणि कॉलेज रोडच्या दुकानांतून घेते. नसेल तर मागवून देतात. किलोवारी प्रदर्शनं लागतात तेव्हा पहिल्या दिवशी सकाळी जावं, कारण रोमान्सची पुस्तकं छोटी आणि हलकी असतात आणि तीच आधी उचलली जातात.

माझं खरं खजिन्याचं ठिकाण मात्र ओळखीचा रद्दीवाला. कुणाचं घर रिकामं व्हायला लागलं, कुणाची मुलगी परदेशी गेली, की तो फोन करतो, "मॅडम, तुमची ती गुलाबी पुस्तकं आलीयत." मी ऑफिस सुटल्यावर जाते आणि गठ्ठ्यासमोर स्टूल टाकून बसते. रद्दीच्या भावात तो देत नाही, आणि देऊ नयेच. एका पुस्तकाला १०० ते १५० घेतो.

५. अलीकडे काय वाचलंत? कसं वाटलं?

त्या ११ पैकी चार नवी पुस्तकं हीच आधी घेतली होती, कारण नावं बरीच दिवस यादीत होती. रोमान्समध्ये 'नवं' म्हणजे गेल्या महिन्यातलंच असं मी मानत नाही.

हेलन होआंगचं 'द किस कोशंट' (२०१८). नायिका स्टेला अर्थमितीत काम करते, आकड्यांत रमते आणि ऑटिस्टिक आहे. लेखिकेला स्वतःलाही ऑटिझमचं निदान झालेलं आहे, त्यामुळे कपड्याची शिवण टोचणं, हॉटेलातला गोंगाट अंगावर येणं हे सगळं आतून लिहिलंय. स्पर्श आणि जवळीक यांची भीती जावी म्हणून ती मायकेलला पैसे देऊन शिकवायला ठेवते. विषय ऐकून दचकायला होतं, पण आत गेल्यावर दिसते ती काळजी. तो प्रत्येक पावलाला तिला विचारतो. तुटीचं प्रकरणही पक्कं आहे, कारण त्याला वडिलांच्या करणीची आणि स्वतःच्या परिस्थितीची लाज वाटते, आणि ती लाज आपल्याला सुरुवातीपासून दिसत आलेली असते. वहीतल्या शेवटच्या रकान्यात 'हो, नक्की'.

टालिया हिबर्टचं 'गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन' (२०१९). क्लोईला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर सततची दुखणी. मरता मरता वाचल्यावर ती जगून घ्यायच्या गोष्टींची यादी करते आणि त्या यादीत इमारतीची देखभाल करणारा, चित्रं काढणारा रेड येऊन मिसळतो. माझ्या आईला संधिवात आहे. गॅसवरून पातेलं उचलण्याआधी ती एक क्षण थांबते, मनगट किती देईल याचा अंदाज घेते, मग पदर गुंडाळून दोन्ही हातांनी उचलते. हा एक क्षणाचा अंदाज मी कुठल्याही कादंबरीत वाचला नव्हता. या पुस्तकात तो पानोपानी आहे. रेड तिची कीव करत नाही, तिच्या दुखण्याची वेळापत्रकं शिकून घेतो. माझ्या आईला मी दुपारी दोन प्रकरणं मराठीत वाचून सांगितली, ती म्हणाली, "हिला कसं कळलं गं हे?" शेवटाकडचं भांडण मात्र घाईत आलंय आणि घाईत मिटलंय. तरीही 'हो'.

एमिली हेन्रीचं 'बीच रीड' (२०२०). दोन लेखक, शेजारशेजारची तळ्याकाठची घरं. ती गोड शेवटाची पुस्तकं लिहिते, तो गंभीर. दोघं पैज लावतात की या उन्हाळ्यात एकमेकांच्या प्रकारातलं लिहायचं. प्रश्न २ मला विचारणाऱ्या प्रत्येकाला हे पुस्तक द्यावंसं वाटतं, कारण तोच वाद त्यात दोन माणसं पोटतिडकीने घालतात. पण मला जास्त लागलं ते वडिलांचं. वडील गेल्यावर तिला कळतं की त्यांचं आयुष्य तिला दाखवलं तेवढंच नव्हतं. ज्या माणसावर जीव टाकला त्याच्यावर रागही धरायचा आणि तो माणूस तर समोर नाही, ही घुसमट फार खरी उतरलीय. प्रेमकथेपेक्षा बाप-लेकीची कथा वजनदार झाली, असं माझं मत.

सॅली थॉर्नचं 'द हेटिंग गेम' (२०१६). दोन प्रकाशनसंस्था एक झाल्यावर समोरासमोर टेबलं मिळालेले दोघं, एकाच बढतीवर डोळा. आधी भांडण मग प्रेम हा माझा आवडता साचा, आणि पहिली १५० पानं मी एका बसणीत संपवली. नंतर खटकू लागलं. सगळं तिच्या तोंडून येतं, त्यामुळे तो तसा का वागतो हे आपल्याला फार उशिरा कळतं, आणि तोवर त्याचं खडूसपण सोसायला लागतं. ऑफिसात २२ वर्षं काढलेल्या बाईला टेबलापलीकडून सतत रोखून बघणारा माणूस गोड वाटायला वेळ लागतो. रकान्यात 'नाही', पण विकत घेतल्याचं वाईट वाटलं नाही.

जुन्या पाचांबद्दल प्रश्न ८ आणि १५ मध्ये थोडं आलंय.

६. इंग्रजी जड जातं. सुरुवात कशाने करू?

'बीच रीड' किंवा 'द हेटिंग गेम'. आजची बोलीभाषा आहे, वाक्यं छोटी आहेत. पहिली ३० पानं डिक्शनरी न उघडता वाचा. अडलेला शब्द पुन्हा तिसऱ्यांदा आला तरच बघा. ऑस्टिन किंवा जॉर्जेट हेयर (प्रश्न १५) सुरुवातीला नको, दोन वर्षांनी.

७. मराठीत रोमान्स नाहीच का?

भरपूर होता. ना. सी. फडक्यांनी (१८९४ ते १९७८) आयुष्यभर प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिल्या आणि कलेसाठी कला असं ठणकावून सांगितलं. त्यांच्या पुस्तकांत लेखणीची सफाई अशी, की कॉलेजातली साधी भेटही उत्कंठेने वाचावी. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या घरोघरी फिरायच्या. त्यांच्या 'निलांबरी'वर १९६९ चा हिंदी चित्रपट 'दो रास्ते' निघाला. कुमुदिनी रांगणेकर, शैलजा राजे यांची पुस्तकं माझ्या आईच्या पिढीने सर्क्युलेटिंग लायब्ररीतून नंबर लावून वाचली. आणि रंगभूमीवर बघायचं तर आपल्या नाशिकला राहिलेल्या वसंत कानेटकरांचं 'प्रेमा तुझा रंग कसा' आहेच, प्राध्यापकाच्या घरातलं, हसतं खेळतं.

आज दुकानात गेलात तर 'कादंबरी' असा खण असतो, 'रोमान्स' असा नसतो. समीक्षकांनी ही पुस्तकं बायकांची म्हणून बाजूला ठेवली, ग्रंथालयांनी जीर्ण झाल्यावर यादीतून काढून टाकली आणि नव्या आवृत्त्या निघाल्या नाहीत. याचं मला मनापासून दुःख आहे. सावानात मी शैलजा राजेंचं एक पुस्तक काढलं, तर मागे चिकटवलेल्या कागदावर परतीच्या तारखांचे शिक्के एकाला एक लागून, दोन्ही बाजूंनी, जागा संपेपर्यंत. इतक्या हातांनी वाचलेलं पुस्तक कमी प्रतीचं असं मी म्हणणार नाही.

नवं मराठी रोमान्स लेखन आता मोबाइलवर आहे, प्रतिलिपीसारख्या ॲपवर, भागाभागाने. त्यात बरंच कच्चं आहे, कारण प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का द्यायचा म्हणून कथेचा कणा वाकतो. पण मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या मुलींनी आपल्या बोलीत लिहिलेले संवाद तिथे वाचायला मिळतात, ते छापील पुस्तकांत मला सापडले नाहीत.

८. 'मिल्स अँड बून' अजून वाचता? ती तर सगळी सारखीच असतात ना?

वाचते. १९०८ मध्ये लंडनला ही संस्था सुरू झाली तेव्हा ती सगळ्या प्रकारची पुस्तकं काढायची, रोमान्सवर भर नंतर आला. १९७१ मध्ये ती कॅनडाच्या हार्लेक्विनने घेतली. पानं साधारण १८० ते २००, त्यामुळे नाशिक रोडला गाडीत बसलं की मुंबई येईपर्यंत एक होतं.

साचा सारखा असतो, पुस्तकं सारखी नसतात. जुनी, ७० आणि ८० च्या दशकांतली वाचताना सावध राहा, त्यात नायकाची दांडगाई प्रेम म्हणून खपवलेली असते (प्रश्न १६).

रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका प्रतीत पान १३१ वर एसटीचं जुनं तिकीट होतं, खूण म्हणून ठेवलेलं. त्याच पानाच्या समासात पेन्सिलने मराठीत लिहिलं होतं, 'इथे तिने बोलायला हवं होतं'. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. तुटीचं प्रकरण तिथेच सुरू होत होतं. मी तिकीट जागेवरच ठेवलंय.

९. रस्त्यावर १०० रुपयांत नवंकोरं पुस्तक मिळतं. घेऊ का?

नको. ४५० चं नवं पुस्तक १०० ला मिळतंय म्हणजे ते चोरून छापलेलं आहे आणि लेखिकेला त्यातला एक पैसाही जात नाही. ओळखायला सोपं असतं: कागद पातळ आणि मागची अक्षरं पुढे दिसणारा, छपाई कुठे गडद कुठे फिकट, कव्हर झेरॉक्ससारखं धूसर, पुस्तक पूर्ण उघडलं की पुठ्ठ्याजवळ गोंद कडकड वाजतो.

मी एकदा ऑनलाइन एका विक्रेत्याकडून फसले. पान १९२ नंतर थेट २०९. एक अख्खा फर्मा गायब, १६ पानं, आणि नेमकं तिथेच दोघांचं पहिलं मोकळं बोलणं होतं. पैसे परत मिळायला पाच आठवडे लागले. तेव्हापासून पार्सल फोडताना व्हिडिओ काढते आणि पानांचे क्रमांक चाळून बघते.

आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकावर, विसंबू नका, चोर तोही जसाच्या तसा छापतात. त्याचा उपयोग हवी ती आवृत्ती मागवायला: १३ आकडी क्रमांक दुकानदाराला दिला की नावाचा घोळ होत नाही.

१०. मालिकेतलं मधलं पुस्तक आधी वाचलं तर चालतं का?

रोमान्समध्ये बहुतेक वेळा चालतं, कारण प्रत्येक पुस्तकात जोडी वेगळी असते. ज्युलिया क्विनच्या ब्रिजर्टन मालिकेत आठ भावंडं आणि आठ पुस्तकं आहेत. पहिलं, डॅफ्नीचं, २००० मध्ये आलं. या पुस्तकांवर मालिका काढणाऱ्या नेटफ्लिक्सनेच तिसऱ्या हंगामात चौथ्या पुस्तकातली जोडी घेतली. फक्त आधीच्या जोड्यांचं काय झालं हे कळून जातं, आणि रोमान्समध्ये त्याने बिघडत नाही (प्रश्न २). एकच जोडी अनेक खंड चालत असेल तर मात्र पहिल्यापासूनच वाचा.

११. पावसाळ्यात पुस्तकं कशी सांभाळता?

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय. पुस्तकं खचाखच भरत नाही, हवा खेळली पाहिजे. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पूर्ण वाळवलेला पाला, कापडी पुरचुंडीत. ओला पाला ठेवलात तर बुरशी येईल. उघडीप मिळाली की पंख्याखाली पुस्तकं उभी करून पानं मोकळी करते, कडक उन्हात टाकत नाही. प्लॅस्टिकची कव्हरं आत ओल धरतात, त्यापेक्षा ब्राउन पेपर बरा.

१२. भाचीला द्यायचंय, १६ वर्षांची आहे. त्यात 'तसलं' किती असतं?

रोमान्स वाचणारे याला दार बंद आणि दार उघडं असं म्हणतात. बंद दारात चुंबनापर्यंत कथा जाते आणि पुढचं वाचकावर सोडते. हेयरची सगळी पुस्तकं, ऑस्टिन, बहुतेक जुनी मराठी पुस्तकं या घरातली. उघड्या दारात प्रणयदृश्यं सविस्तर असतात. प्रश्न ५ मधली चारही पुस्तकं उघड्या दाराची आहेत, 'किस कोशंट' आणि 'क्लोई ब्राउन' तर पूर्ण उघडी. ती १८ नंतरच.

कव्हरवरून अंदाज बांधू नका. आता मुखपृष्ठांवर कार्टूनसारखी गोड चित्रं असतात आणि दुकानदारही ती लहान मुलींच्या खणात लावून ठेवतात. आधी स्वतः वाचा, मग द्या. आणि भाचीने आधीच वाचलेलं निघालं तर ओरडू नका. 'त्याने तिला विचारलं होतं का?' एवढं तिच्याशी बोला. हा प्रश्न तिला पुस्तकाबाहेरही लागणार आहे.

१३. घरचे हसतात. कव्हर घालून वाचू का?

माझी आई दुपारी कादंबरी वाचायची तेव्हा तिला वर्तमानपत्राचं कव्हर घालायची आणि आजीची चाहूल लागली की निवडायच्या तांदळाच्या ताटाखाली सारायची. एकदा ताट उलटलं. सगळे तांदूळ फरशीवर आणि मध्ये पुस्तक. आजी काही बोलली नाही, पण पुढची दोन वर्षं आईने वाचलं नाही. हे तिने मला मी चाळिशीची झाल्यावर सांगितलं.

म्हणून मी कव्हर घालत नाही. गुलाबी असो, उघड्या छातीचा नायक असो, ऑफिसच्या बसमध्ये तसंच हातात धरते. खुनाच्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांना कुणी विचारत नाही की तुम्हाला खून करायचा आहे का. बायकांनी बायकांसाठी लिहिलेलं, ज्यात बाईच्या सुखाला शेवटपर्यंत किंमत आहे, असं दुसरं लेखन मला माहीत नाही. हसणाऱ्यांना एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवा. आमच्या घरी दिरांनी 'क्लोई ब्राउन'ची कथा ऐकून जाऊबाईंच्या पाठदुखीची चौकशी केली, लग्नाला १९ वर्षं झाल्यावर.

१४. आवडलं नाही तर अर्धवट सोडता?

६० पानांपर्यंत वाचते. तोवर दोघांपैकी एकाबद्दलही माया वाटली नाही तर सोडते आणि रद्दीवाल्याला परत विकते, तो निम्मी किंमत देतो.

१५. ठरवून झालेल्या लग्नातलं प्रेम रोमान्समध्ये बसतं का? आपल्याकडे तर तेच जास्त.

बसतं, आणि माझ्या सर्वांत आवडत्या पुस्तकांत तेच आहे. जॉर्जेट हेयरचं 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट', १९६१ चं, मला या वर्षी जुन्या गठ्ठ्यात १२० ला मिळालं. वडिलांच्या कर्जात बुडालेला अ‍ॅडम घर वाचवायला एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या मुलीशी, जेनीशी, लग्न करतो. त्याचं मन दुसरीत गुंतलेलं. जेनी दिसायला साधी, बोलायला संकोची, पण त्याला कोणत्या वेळी काय लागतं हे तिला बिनचूक कळतं. पुस्तकात विजा चमकत नाहीत. त्याला हळूहळू उमगतं की आपण घरी परततो ते जिच्याकडे, ती ही आहे.

पाहण्याचा कार्यक्रम करून २० मिनिटांत होकार दिलेल्या आपल्या बायकांना हे पुस्तक फार जवळचं वाटेल. अट एकच: बाईला नकाराची वाट होती की नव्हती, हे लेखकाने टाळलेलं नसावं. जबरदस्तीच्या लग्नावर नंतर प्रेमाचा मुलामा चढवला तर मी ते पुस्तक मिटते.

१६. नायक हात उगारतो, तरी लोक त्याला रोमान्स म्हणतात. तुमचं काय मत?

हा प्रश्न कॉलीन हूव्हरच्या 'इट एंड्स विथ अस' (२०१६) मुळे येतो, २०२४ मध्ये चित्रपट आल्यावर तर दर आठवड्याला. फुलांचं दुकान चालवणारी लिली, न्यूरोसर्जन राइल, आणि त्याची मारहाण. लेखिकेने स्वतःच्या आईच्या आयुष्यावरून हे लिहिल्याचं पुस्तकातच सांगितलंय. एक शहाणी, कमावती बाई पहिल्या फटक्यानंतर का निघून जात नाही, हे इतकं जवळून दाखवलंय की वाचताना पोटात खड्डा पडतो. पुस्तक जरूर वाचा. पण ते रोमान्सच्या खणात ठेवू नका आणि 'गोड लव्हस्टोरी' म्हणून कुणाला भेट देऊ नका. घरात मार खाल्लेली मैत्रीण असेल तर तिला आधी विषय सांगा, मग पुस्तक द्या.

राग मला दुसऱ्याच पुस्तकांचा येतो, ज्यांत थोबाडीत मारणं, दंड धरून ओढणं, नाही म्हटल्यावरही मागे लागणं हे 'त्याचं प्रेमच तसं' म्हणून येतं. जुन्या मिल्स अँड बूनमध्ये आहे, ॲपवरच्या मराठी कथांत आहे, आपल्या मालिकांतही आहे. लेखकाला तो गुन्हा वाटतो का, की त्यात मर्दपणा दिसतो? दुसरं असेल तर ६० पानांचा नियम (प्रश्न १४) मी लावत नाही, त्याच पानावर थांबते.

१७. दोघं एकत्र येत नाहीत, पण शेवट समाधानाचा वाटतो. ते रोमान्समध्ये धरायचं?

प्रश्न १ मधल्या अटीने नाही. पण इथे लोकांची गल्लत होते, म्हणून तीन प्रकार वेगळे करते. दोघं एकत्र आहेत पण लग्न, मुलं, पुढचं काही ठरलेलं नाही, तो 'सध्यापुरता गोड' शेवट, आणि तो रोमान्समध्ये धरतात. एकाचा मृत्यू होतो आणि दुसरा आठवणींत जगतो, ते नाही, कितीही हळवं असलं तरी.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड. गौरी देशपांडे (१९४२ ते २००३) यांच्या नायिका जीव ओतून प्रेम करतात आणि तरीही स्वतःच्या वाटेने चालू लागतात. 'एकेक पान गळावया' (१९८०) वाचून मिटलं की वाटतं, ही बाई हरलेली नाही. मी ते रोमान्सच्या कपाटात ठेवलेलं नाही. माझ्या पलंगाशेजारच्या फळीवर ठेवलंय, 'रणांगण'च्या बाजूला. तिथे पुस्तकांना खण नाहीत.

१८. तुमचं पुस्तक वाचायला मिळेल का?

मिळेल. वहीत नाव आणि तारीख लिहून न्या, महिन्याने आणा. पानाचा कान मोडू नका, खुणेला काहीही ठेवा. पेन्सिलने समासात लिहिलंत तर चालेल. फक्त ते एसटीच्या तिकिटाचं पुस्तक घराबाहेर देत नाही. ते वाचायचं असेल तर रविवारी दुपारी चारनंतर घरी या.